शून्य उंची कोठे असते?

रेल्वेच्या बहुतेक स्थानकांवर गावाचे नाव लिहिलेला पिवळा फलक उभा असतो. त्या फलकाच्या खालच्या बाजूस बारीक अक्षरांत आणखी एक आकडा लिहिलेला आढळतो. तो त्या स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. चंदीगड शहराची अशी उंची सुमारे ३२० मीटर आहे. प्रवासी हा आकडा वाचतात आणि विसरून जातात. परंतु थोडा विचार केला तर त्यात एक नवल दडलेले आहे, हे ध्यानात येईल. चंदीगडपासून जवळात जवळचा समुद्र एक हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढ्या दूरच्या पाण्याच्या पातळीशी शिवालिकच्या पायथ्याच्या या शहराची तुलना कोणी व कशी केली? शिवाय समुद्र कधीच स्थिर नसतो. दिवसातून दोनदा तो चढतो आणि दोनदा उतरतो, त्याच्यावर लाटा उसळतात, वारा त्याला किनाऱ्याकडे लोटतो. मग ज्याला ‘सपाटी’ म्हणावयाचे, ती सपाटी आहे तरी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात बसून मिळण्यासारखे नव्हते. ते मिळविण्यासाठी भारताच्या किनाऱ्यावर निरनिराळ्या बंदरांत यंत्रे बसवावी लागली व वर्षानुवर्षे समुद्राच्या चढउताराची नोंद ठेवावी लागली. चंदीगडसारख्या शहराची गटारे कोणत्या दिशेने वाहतील, पंजाबातील कालव्यांना किती उतार द्यावा, मुंबईत कोणत्या दिवशी पावसाचे पाणी तुंबेल आणि कोकणातील शेतकऱ्याचा बांध उधाणात टिकेल की फुटेल, या सर्व गोष्टींचा संबंध त्या नोंदींशी येतो. म्हणूनच किनाऱ्यावरील मोजणीचे हे काम वरवर कंटाळवाणे दिसले, तरी त्याचे महत्त्व फार मोठे आहे.

समुद्राचा श्वास

भरती-ओहोटीचे मुख्य कारण चंद्राचे आकर्षण होय. सूर्याचेही आकर्षण असते, पण सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचा परिणाम चंद्राच्या परिणामाच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटे लागतात. अमावास्येला व पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते आणि उधाणाची मोठी भरती होते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ परस्परांस छेद देते आणि पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही. कोकणात या काळास ‘भांग’ म्हणतात.

किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची अदमासे वेळ निघते, असा त्यांचा ठोकताळा आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. होडी लोटण्यास व जाळे टाकण्यास एवढे गणित पुरेसे होते. परंतु मोठ्या जहाजास गोदीत शिरण्यापूर्वी तळाशी किती पाणी आहे, हे हातभराच्या आत कळावे लागते. तेथे हा ठोकताळा अपुरा पडतो. कारण भरतीची वेळ जरी चंद्रावर अवलंबून असली, तरी तिची उंची किनाऱ्याच्या आकारावर अवलंबून असते. कोचीस ही तफावत जेमतेम मीटरभर असते. गोव्यात मार्मागोव्यास उधाणाच्या वेळी ती सुमारे दोन मीटर होते, मुंबईत साडेतीन मीटरांच्या पुढे जाते आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटरांच्या आसपास पोहोचते. आखात नरसाळ्यासारखे अरुंद होत गेल्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. चंद्र सर्वांना एकच असला, तरी प्रत्येक बंदराची भरती अशी स्वतंत्र आहे. तेव्हा ती प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष मोजूनच काढावी लागते.

विहिरीतील तरंगता डबा

समुद्राची पातळी मोजावयाची तर प्रथम लाटांचा उपद्रव टाळला पाहिजे. त्यासाठी जुन्या शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती योजिली. धक्क्याच्या कडेला एक उभी विहीर किंवा रुंद नळ बांधावयाचा आणि त्याच्या तळाशी समुद्राचे पाणी आत येण्यास एक लहानसे छिद्र ठेवावयाचे. लाट क्षणात येते व क्षणात जाते, तेवढ्या वेळात छिद्रातून फारसे पाणी आत शिरू शकत नाही. परंतु भरतीचे पाणी सहा तास चढत असते, म्हणून ते सावकाश आत येते. विहिरीतील पाणी अशा रीतीने शांत राहते, तरीही समुद्राबरोबर चढते व उतरते. त्या पाण्यावर एक डबा तरंगत ठेवावयाचा, त्याला बांधलेली तार वरच्या चाकावरून नेऊन लेखणीस जोडावयाची आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळून त्यावर ती लेखणी टेकवावयाची. समुद्र आपल्या हालचालीचे वृत्त रात्रंदिवस स्वतःच लिहीत राहतो. या यंत्रास भरतीमापक म्हणतात.

भारतात या यंत्राची पद्धतशीर योजना एका वेगळ्याच प्रश्नामुळे सुरू झाली. इ. स. १८१९ च्या जून महिन्यात कच्छात मोठा भूकंप झाला. रणात एक लांबच लांब भूभाग बांधासारखा वर उचलला गेला. त्यास लोक ‘अल्ला बंद’ म्हणू लागले. त्याच वेळी सिंद्रीचा किल्ला व त्याभोवतीचा प्रदेश खचून पाण्याखाली गेला. तेव्हा कच्छची जमीन अद्यापि वर येत आहे की खाली जात आहे, असा प्रश्न पुढे आला. जमिनीची उंची मोजावयास जमिनीबाहेरची खूण हवी, आणि अशी खूण म्हणजे समुद्र. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्यातील बेअर्ड नावाच्या अधिकाऱ्याने १८७४-७५ च्या सुमारास कच्छच्या आखातात भरतीमापक उभारले. दलदलीचा प्रदेश, खारे वारे व दळणवळणाचा अभाव यांमुळे हे काम सोपे नव्हते. परंतु त्यातून इतका उपयुक्त अनुभव मिळाला की १८७७ साली सरकारने देशाच्या सर्व किनाऱ्यावर अशी निरीक्षणे करण्याचे ठरविले. मुंबईत अपोलो बंदर येथील नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. हिंदी महासागराच्या काठावरील सर्वांत जुन्या व दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते.

कागदावरच्या रेषेतून भविष्य

नळकांड्यावरील रेषा वेडीवाकडी दिसते. पण तिच्यात अनेक नियमित लहरी मिसळलेल्या असतात. चंद्राची १२ तास २५ मिनिटांची एक लहर, सूर्याची बरोबर १२ तासांची दुसरी, चंद्र पृथ्वीच्या जवळ-दूर होण्यामुळे निर्माण होणारी तिसरी, अशा पुष्कळ लहरींची ती बेरीज असते. मृदंग, टाळ आणि वीणा एकदम वाजत असता जाणता कान प्रत्येकाचा नाद निराळा ओळखतो, त्याप्रमाणे गणिताच्या साहाय्याने या लहरी वेगळ्या करता येतात. विल्यम टॉमसन म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन यांनी ही पद्धती पुढे आणली व जॉर्ज डार्विन यांनी ती व्यवस्थित बसविली. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांचे ते पुत्र होत. भारतीय बंदरांच्या नोंदींचे पृथक्करण करण्यात बेअर्ड व जॉर्ज डार्विन यांनी एकत्र काम केले.

एकदा लहरी वेगळ्या केल्या की त्या पुढच्या काळात ढकलून पुन्हा एकत्र मिळवता येतात आणि पुढील वर्षाची भरती आजच सांगता येते. परंतु वीस-वीस लहरींची बेरीज तासातासाला हाताने करणे माणसाच्या शक्तीबाहेरचे होते. म्हणून एडवर्ड रॉबर्ट्‌स यांच्या योजनेनुसार १८७९ साली लंडनमध्ये खास भारतासाठी एक यंत्र तयार करण्यात आले. त्यात प्रत्येक लहरीसाठी एक एक चाक होते. एकच तार सर्व चाकांवरून ओवलेली असे व तिच्या टोकाची लेखणी सर्व चाकांच्या हालचालींची बेरीज कागदावर काढीत असे. विजेवर चालणारे गणकयंत्र अस्तित्वात येण्यापूर्वी कित्येक दशके या पितळी यंत्राने भारतीय बंदरांच्या भरतीची कोष्टके तयार केली. १९२१ साली ते डेहराडून येथे आणण्यात आले. समुद्राच्या भरतीचे भाकीत हिमालयाच्या पायथ्याशी बसून केले जात होते, ही गोष्ट मोठी गमतीची वाटेल. परंतु ज्याच्या हाती उत्तम नोंदी आहेत, त्याला समुद्राशेजारी बसण्याची आवश्यकता नसते.

नऊ बंदरे आणि एक शून्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्र वर-खाली होत असला, तरी पुष्कळ वर्षांच्या तासातासाच्या नोंदींची सरासरी काढली म्हणजे एक निश्चित पातळी हाती येते. तिलाच मध्यम समुद्रपातळी म्हणतात. ही सरासरी एका-दोन वर्षांची घेऊन भागत नाही. चंद्राच्या कक्षेचा कल हळूहळू बदलत असतो आणि ते चक्र पुरे होण्यास १८.६ वर्षे लागतात. म्हणून सुमारे १९ वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर ती सरासरी विश्वसनीय समजावी, असा संकेत आहे.

सर्वेक्षण खात्याने कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम व ओरिसाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणची मध्यम समुद्रपातळी शून्य मानली. त्या शून्यापासून देशाच्या अंतर्भागात पातळीमापनाच्या रेषा नेण्यात आल्या. या कामाची रीत अशी : दोन उभ्या मोजपट्ट्यांच्या मधोमध दुर्बीण लावलेले पातळीयंत्र ठेवावयाचे, मागच्या व पुढच्या पट्टीवरील आकडे वाचावयाचे आणि त्यांतील फरक लिहून घ्यावयाचा. मग यंत्र पुढे न्यावयाचे. एका वेळी फार तर शेकडा-दीडशे मीटर अंतर काटले जाते. अशी हजारो पावले टाकीत मोजणीदार किनाऱ्यापासून मैदाने ओलांडून हिमालयापर्यंत गेले. चूक राहू नये म्हणून तीच वाट परतूनही मोजली जात असे. वाटेत ठिकठिकाणी दगडांवर खुणा कोरून त्यांची उंची नोंदविण्यात आली. या खुणांना तलचिन्हे म्हणतात. १९०९ साली या सर्व रेषांचा हिशेब एकत्र जुळविण्यात आला व भारताच्या उंचीमापनाचा पाया निश्चित झाला. पुढे या जाळ्याची अधिक सूक्ष्म साधनांनी फेरमोजणी झाली. तथापि विसाव्या शतकातील बहुतेक नकाशे, रेल्वेमार्ग, कालवे व धरणे यांच्या उंचीस त्या नऊ बंदरांचाच आधार होता.

१९५० नंतरच्या दशकात शिवालिकच्या पायथ्याशी चंदीगडची आखणी झाली, तेव्हा तेथील जमिनीचा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे असलेला हलका उतार हा पाणीपुरवठ्याच्या व सांडपाण्याच्या योजनेचा आधार होता. पंजाबच्या मैदानात कालव्याचा उतार किलोमीटरमागे काही सेंटीमीटरांचाच असतो. तेथे उंचीत हातभर चूक झाली तर पाणी पुढे जाण्याऐवजी साचून राहील. अशा प्रदेशात सर्व गावांच्या उंचीला एकच शून्य असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

शून्यही सर्वत्र सारखे नाही

नऊ बंदरांची पातळी एकच, असे मानून हिशेब केला खरा. परंतु जमिनीवरून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोजीत गेल्यावर आकडे नेमके जुळेनात. बंगालच्या उपसागराची पातळी अरबी समुद्रापेक्षा थोडी वर असल्याचे दिसून आले. मोजणीत चूक होती काय? तसे नव्हे. कारण पाण्यातच होते.

बंगालच्या उपसागरास गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांसारख्या मोठ्या नद्या मिळतात व त्यावर पाऊसही विपुल पडतो. त्यामुळे तेथील वरचे पाणी कमी खारे व म्हणून हलके असते. अरबी समुद्रावर बाष्पीभवन अधिक होते, तेथील पाणी जास्त खारे व जड असते. तराजूच्या दोन पारड्यांत सारख्या वजनाचे पाणी घातले तर हलके पाणी अधिक जागा व्यापील, म्हणजे त्याचा स्तंभ उंच होईल. समुद्रातही तेच घडते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर व सतीश शेट्ये यांनी २००१ साली या प्रश्नाची शास्त्रीय उकल प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १९९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या दीर्घ नोंदींचा मान्सूनच्या पावसाशी ताळा घालून पाहिला होता. ज्या दशकांत देशात पाऊस अधिक पडतो, त्या दशकांत किनाऱ्याजवळचे पाणी गोडसर होते व पातळी चढते, असा संबंध त्यांनी मांडला. बंदराच्या सोयीसाठी ठेवलेली वही अशा रीतीने पावसाच्या इतिहासाची साक्षीदार ठरली.

यावरून पाण्याची नुसती उंची मोजून भागत नाही, हे स्पष्ट होते. त्याचे तापमान, क्षारता व प्रवाह यांचीही माहिती हवी. आपल्या देशात या अभ्यासास मोठी चालना आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने दिली. १९५९ ते १९६५ या काळात चाललेल्या या मोहिमेत अनेक राष्ट्रांच्या सुमारे चाळीस जहाजांनी भाग घेतला. भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही त्यात होते. मोहिमेच्या अखेरीस, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली व डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. १९७६ मध्ये संस्थेस ‘गवेषणी’ हे संशोधनजहाज मिळाले आणि १९८३ मध्ये ‘सागरकन्या’ हे आणखी मोठे जहाज देशाच्या सेवेत आले.

सर्वेक्षणासाठी निघालेले जहाज किंवा होडी ठरलेल्या जागी थांबते. निरनिराळ्या खोलीवर बाटल्या उतरवून पाणी घेतले जाते, त्याचे तापमान, क्षारता व त्यात विरघळलेला प्राणवायू मोजला जातो. बारीक जाळीने तरंगते सूक्ष्म जीव गोळा करतात आणि तळाचा चिखल वर काढून त्यातील कृमी व शंखशिंपले तपासतात. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी शहराच्या सांडपाण्याने काय बदल झाला, हे अशाच तपासणीतून कळते. एका दिवसाच्या पाहणीला फारसा अर्थ नसतो, कारण त्या वेळी भरती होती की ओहोटी, पावसाळा होता की उन्हाळा, यावर सर्व आकडे बदलतात. त्याच जागी, त्याच रीतीने, पुन्हापुन्हा केलेल्या पाहण्यांची तुलना केल्यावरच समुद्राच्या प्रकृतीचे निदान होते. आज ‘आर्गो’ नावाची स्वयंचलित तरंगती यंत्रे महासागरात सोडलेली आहेत. ती २,००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारून साधारणतः दर दहा दिवसांनी वर येतात व गोळा केलेली माहिती उपग्रहाकडे धाडतात.

साडेचार मीटरचा अर्थ

पावसाळा जवळ आला की मुंबईची महानगरपालिका साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. हा आकडा वाचून पुष्कळांचा गैरसमज होतो. साडेचार मीटर ही उंची मध्यम समुद्रपातळीपासून मोजलेली नसते. नाविकांना ओहोटीच्या वेळीही निदान किती पाणी मिळेल हे हवे असते, म्हणून त्यांच्या नकाशांचे शून्य फार खाली, अत्यंत मोठ्या ओहोटीच्या सुमारास धरलेले असते. मुंबईत मध्यम समुद्रपातळी या नाविक शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा साडेचार मीटरची भरती म्हणजे मध्यम पातळीच्या वर सुमारे दोन मीटर. हे दोन मीटरही धोक्याचे आहेत. कारण शहराचे काही सखल भाग त्याहून खाली आहेत व अशा वेळी पावसाळी नाल्यांची तोंडे समुद्राच्या पाण्याने बंद होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी दुपारी मोठी भरती आली. पावसाचे पाणी बाहेर पडण्याचा मार्गच तेवढा काळ अडून राहिला आणि शहरावर भयंकर आपत्ती ओढवली.

मुंबईच्या दक्षिणेस, पेण-अलिबागच्या बाजूस आणि त्याखाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांकाठी, शेतकऱ्यांनी समुद्राकडून मिळविलेली भातजमीन आहे. खाडीच्या कडेने माती-दगडांचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवावयाचे व ओहोटीच्या वेळी झडपेतून पावसाचे पाणी सोडून द्यावयाचे, अशी ही खारबंदिस्तीची पद्धत होय. बांधाची उंची मोठ्यात मोठ्या उधाणाहून थोडी अधिक ठेवतात. ही ‘थोडी अधिक’ म्हणजे किती, याच प्रश्नावर घरचे भात अवलंबून असते. उधाणाच्या दिवशी वादळी वारा सुटला किंवा हवेचा दाब उतरला तर पाणी कोष्टकातील आकड्याच्या वर जाते. वातावरणाचा दाब एका मिलीबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर चढते. बांधाला एकदा खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, मीठ जमिनीत मुरते, आणि ते पावसाच्या पाण्याने धुऊन जाईपर्यंत तेथे नेहमीचे पीक येत नाही. बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही तर त्या शेतात खारफुटीची झाडे उगवतात व जमीन कायमची हातची जाते.

किनाऱ्यावरचा पहारेकरी

भरतीमापकाने कधी कधी अशाही गोष्टी टिपल्या आहेत, ज्यांची कोणी अपेक्षा केली नव्हती. ३१ डिसेंबर १८८१ रोजी निकोबार बेटांजवळ भूकंप झाला व त्याने उठविलेल्या सागरी लाटा बंगालच्या उपसागराच्या काठावरील यंत्रांवर स्पष्ट उमटल्या. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्याही लाटा भारतीय भरतीमापकांनी नोंदविल्या. म्हणजे त्सुनामी आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊ शकते, याचा लेखी पुरावा एकोणिसाव्या शतकातच तयार झाला होता.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमारे साडेसहा वाजता सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला. त्याच्या लाटांना चेन्नईस पोहोचण्यास सुमारे अडीच तास लागले. तेवढ्या अवधीत किनारा रिकामा करता आला असता. परंतु हिंदी महासागरासाठी पूर्वसूचनेची यंत्रणाच त्या वेळी नव्हती. बंदरांतील यंत्रांनी लाटांची नोंद केली, पण तिचा उपयोग पुढे अभ्यासासाठीच काय तो झाला. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. या अनुभवानंतर हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात १५ ऑक्टोबर २००७ रोजी त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरील दाबमापके व किनाऱ्यावरील भरतीमापके आपली नोंद उपग्रहामार्फत तत्काळ तेथे पाठवितात. नोंद ठेवणे आणि ती वेळेवर वाचली जाणे, या दोन गोष्टींमधील अंतर किती महाग पडू शकते, हे २००४ सालाने शिकविले.

पाणी चढते आहे काय?

दीर्घ नोंदींचा सर्वांत गंभीर उपयोग आता होत आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे. पाणी तापले की प्रसरण पावते, आणि हिमनद्यांचे व ध्रुवप्रदेशांतील बर्फाचे पाणीही समुद्रास मिळते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातील मध्यम समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वर आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत हा वेग वर्षास सुमारे १.३ मिलीमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलीमीटर झाला. १९९२ साली सोडलेल्या ‘टोपेक्स-पोसायडन’ या उपग्रहापासून समुद्राची उंची अवकाशातूनही मोजली जाते आणि तिचा मेळ किनाऱ्यावरील यंत्रांच्या नोंदींशी घातला जातो.

आपल्या किनाऱ्याची स्थिती काय आहे? ए. एस. उन्नीकृष्णन व डी. शंकर यांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागराच्या काठावरील दीर्घ नोंदी तपासल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदींवरून त्यांना वर्षास सरासरी १.२९ मिलीमीटर असा वाढीचा वेग मिळाला. तो विसाव्या शतकातील जागतिक वेगाशी जुळणारा आहे. मात्र हुगळीच्या मुखाकडील डायमंड हार्बर येथे हाच वेग पाच मिलीमीटरांहून अधिक निघाला. तेथील समुद्र काही निराळा नाही. त्रिभुज प्रदेशाची गाळाची जमीन स्वतःच खचत असल्यामुळे पाणी अधिक चढल्यासारखे दिसते. कच्छमध्ये जो प्रश्न बेअर्डपुढे होता, तोच येथे पुन्हा उभा राहतो : पाणी चढते की जमीन उतरते? याचा निवाडा करण्यासाठी आता भरतीमापकाशेजारी उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रे बसविण्याची पद्धत पडली आहे.

वर्षास एक-दोन मिलीमीटर ही वाढ क्षुल्लक वाटेल. परंतु ती प्रत्येक उधाणाच्या डोक्यावर बसते. जो बांध एके काळी वीस-पंचवीस वर्षांतून एकदा ओलांडला जात असे, तो पातळी थोडी वर आल्यावर अधिक वेळा ओलांडला जाऊ लागतो. त्यातून हा वेग वाढत आहे. पेणचा शेतकरी, मुंबईच्या सखल वस्तीतील कुटुंब आणि सुंदरबनातील कोळी यांच्या दृष्टीने हा प्रश्न मिलीमीटरांचा राहत नाही. चंदीगड ३२० मीटर उंचीवर असल्यामुळे त्याला समुद्राचे भय नाही हे खरे. परंतु समुद्र व जमीन यांची सीमा अढळ नसते, याची साक्ष त्या शहराच्या पाठीमागचे डोंगरही देतात. सुबाथूच्या आसपासच्या खडकांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे अवशेष सापडतात. जेथे आज चीड वृक्षांची वने आहेत, तेथे त्या काळी उथळ समुद्र होता. निसर्गाला असे पालट घडविण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. आज मोजला जाणारा बदल मात्र एका मनुष्यजन्माच्या आत दिसू लागला आहे.

वहीतील रिकामे पान

मुंबईची नोंद ज्यांनी सुरू केली, त्यांच्यापुढे हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. त्यांना जहाजे सुखरूप गोदीत आणावयाची होती व नकाशांसाठी एक शून्य हवे होते. परंतु त्यांनी घड्याळाला किल्ली दिली, कागद बदलला, तलचिन्हाशी यंत्राचा मेळ पुन्हापुन्हा तपासला आणि हे काम पुढच्यांच्या हाती सोपविले. १८७८ पासून १९९३ पर्यंतच्या मुंबईच्या नोंदींवरून तेथील पातळी वर्षास एक मिलीमीटरपेक्षा किंचित कमी वेगाने चढत होती, असे आज सांगता येते. ज्या समुद्राची पातळी दिवसाकाठी साडेतीन मीटरांनी हलते, त्यातून एक मिलीमीटरचा बदल शोधून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही एका यंत्रात नाही. ते शंभराहून अधिक वर्षांच्या सातत्यात आहे.

या सातत्याला पर्याय नाही. प्रयोगशाळेतील प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. समुद्राचा एखादा दिवस नोंदविल्यावाचून गेला, तर तो कोणत्याही खर्चाने परत मोजता येत नाही. धक्क्याची दुरुस्ती निघाली म्हणून काढून ठेवलेले यंत्र, गाळाने बुजलेले छिद्र, बदलीच्या गडबडीत न तपासलेले शून्य, या बारीकसारीक गोष्टींमुळे वहीत पडलेले खंड पुढच्या पिढीच्या ज्ञानात कायमचे राहतात. नवी यंत्रे रडारच्या लहरींनी पाणी मोजतात व त्यांना कागद आणि लेखणी लागत नाही. पण जुन्या व नव्या यंत्रांनी काही काळ शेजारी शेजारी काम केले नाही, तर जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळत नाही आणि शतकभराची माळ तुटते.

म्हणून किनाऱ्यावरील मोजणीदाराचे काम हे काही वर्षांत पुरे होणारे काम नव्हे. त्याने आज लिहिलेल्या आकड्याचा खरा उपयोग कदाचित पन्नास वर्षांनी एखाद्या खाडीकाठच्या बांधाची उंची ठरविताना होईल. तो बांध किती उंच घालावा हे विचारणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा अंदाजाने उत्तर द्यावयाचे की मोजून, हे आजची वही भरलेली आहे की रिकामी, यावर ठरणार आहे.